कुटचे मोर्चे आणि १४७ दिवसांची भूक

मोर्चा म्हटले की आज आपल्या डोळ्यांसमोर झेंडे, घोषणा आणि अडलेली वाहतूक येते. फौजेत मात्र हा शब्द अजून जुन्या अर्थाने जिवंत आहे. मोर्चा म्हणजे खणलेला खड्डा, पुढे मातीची भर, त्यात एक-दोन माणसे आणि त्यांची हत्यारे. मराठीतली ‘मोर्चेबांधणी’ तिथूनच आली. पलटणीत नवीन आलेल्या रिक्रूटला पहिल्या दिवसापासून मोर्चा खोदायला शिकवतात. पण त्या मोर्च्यात दिवसेंदिवस राहायचे कसे, खायचे काय, आजारी पडले तर काय, हे शिकवून येत नाही. ते जुन्या पलटणींच्या इतिहासातून शोधावे लागते.

खंदकातले जीवन म्हटले की बहुतेकांना फ्रान्स आणि बेल्जियम आठवते. आपले जवान तिथेही होते. पण मराठी माणसाचा जास्त जवळचा संबंध आहे तो मेसोपोटेमियाशी, म्हणजे आजच्या इराकशी, आणि त्यातही कुट-अल-अमारा या टायग्रिसकाठच्या गावाशी. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत १४७ दिवस तिथे एक अख्खी डिव्हिजन वेढ्यात अडकली होती. तिचे नाव सहावी पूना डिव्हिजन.

खडकवासल्याला मिलिटरी हिस्टरीच्या तासाला हा वेढा नकाशावरच्या निळ्या-लाल बाणांतून भेटतो. बाण सरळ असतात. त्यांच्या टोकाला चिखल दिसत नाही. या लेखात बाण कमी आणि चिखल जास्त आहे.

कोण होते आत?

मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड यांची डिव्हिजन बगदाद घ्यायला निघाली होती. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनच्या लढाईत तिचे प्रचंड नुकसान झाले आणि ती माघारी फिरली. ३ डिसेंबरला दमलेली, जखमी सोबत घेतलेली ही फौज कुटला पोहोचली. चारच दिवसांत तुर्कांनी वेढा पूर्ण केला.

या डिव्हिजनच्या तीन ब्रिगेडमध्ये मिळून तीन मराठा पलटणी होत्या: १०३ मराठा लाइट इन्फंट्री, ११० मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ मराठा. १०३ म्हणजे आजची पहिली मराठा, आपली ‘जंगी पलटण’. ११७ ला मेसोपोटेमियातल्या कामगिरीबद्दल पुढे ‘रॉयल’ किताब मिळाला. ११० चा वारसा आज दुसऱ्या पॅरा बटालियनकडे आहे. शिवाय खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या कंपन्या होत्या. पंजाबी, राजपूत, गुरखा आणि इंग्लिश पलटणी होत्याच. लढणारे आणि सोबतचे भिस्ती, लांगरी, खेचरवाले, डोलीवाले, सफाईवाले असे सगळे मिळून सुमारे १५ हजार माणसे. त्यात गावातले सहा हजारांच्या आसपास अरब रहिवासी धरा.

इंग्रज इतिहासकार या भिस्ती-खेचरवाल्यांना ‘फॉलोअर्स’ म्हणून एका ओळीत गुंडाळतात. वेढ्यात मात्र त्यांच्यावाचून एक दिवस निघाला नसता.

जमीन, पाणी आणि चिखल

कुट हे नदीच्या वळणात बसलेले गाव. तीन बाजूंनी टायग्रिस, चौथ्या बाजूला सपाट मैदान. त्या मोकळ्या बाजूवर नदीपासून नदीपर्यंत खंदकांच्या ओळी खणल्या गेल्या: पुढची, मधली आणि मागची. पुढच्या ओळीच्या ईशान्य टोकाला मातीच्या भिंतींचा एक किल्ला. नदीपलीकडे उजव्या तीरावर लोकर दाबण्याचे यंत्र असलेली एक छोटी वस्ती होती, तीही ताब्यात ठेवली होती. तिथे ११० मराठा आणि १२० राजपुताना या पलटणी होत्या. म्हणजे वेढ्यातही वेगळा वेढा. मधे नदी, आणि ये-जा फक्त रात्री.

पहिले तीन आठवडे एकच काम, खोदाई. दिवसा डोके वर काढले की समोरून गोळी. म्हणून रात्री फावडे आणि दिवसा पहारा. टेसिफोनहून मागे येताना अनेकांचे गरम कपडे आणि सामान मागेच राहिले होते, आणि इराकमधला डिसेंबर आपल्याला वाटतो तसा उबदार नसतो. पहाटे पाणी गोठते. कोकणातल्या, देशावरच्या पोरांनी असली थंडी गावी कधी पाहिलेली नव्हती.

२४ डिसेंबरला तुर्कांनी तोफांनी किल्ल्याची भिंत फोडली आणि आत घुसायचा प्रयत्न केला. १०३ मराठा आणि ऑक्सफर्डशायर पलटणीचे सैनिक तिथे होते. हातघाईची लढाई झाली, बॉम्ब फेकले गेले, संगिनी चालल्या. किल्ला टिकला. त्यानंतर तुर्कांनी मोठा हल्ला करण्याचा विचार सोडून दिला आणि भुकेवर काम सोपवले. भूक हे त्यांचे सगळ्यात स्वस्त हत्यार ठरले.

जानेवारीत पाऊस सुरू झाला आणि टायग्रिस फुगली. २० जानेवारीच्या सुमाराला पाणी पुढच्या ओळीत शिरले. माणसे कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली आणि अखेर पुढची ओळ सोडून मधल्या ओळीत आली. गंमत अशी की तुर्कांच्या खंदकांतही पाणी शिरले आणि तेही मागे पळाले. त्यांना उघड्यावर पळताना पाहून आपल्या बंदुकांनी काम केले. त्यानंतर नेहमीच्या खोदाईत बांध घालण्याचे काम वाढले. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या शिपायाला बांध कसा घालायचा हे कोणी शिकवावे लागले नसावे.

ओले कपडे वाळवायला ऊन नाही आणि शेकोटीला लाकूड नाही. सरपण संपल्यावर गावातल्या घरांची दारे आणि छपराचे वासे स्वयंपाकाच्या चुलीत गेले. अंगावर उवा झाल्या. न्यूमोनिया, आमांश आणि कावीळ यांनी माणसे आजारी पडू लागली. गावातला झाकलेला बाजार हेच भारतीय जखमींचे हॉस्पिटल. तोफेचे गोळे तिथेही पडत.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायला हवी. कुट हे अत्यंत घाणेरडे गाव होते. इतकी माणसे, इतकी जनावरे, इतकी प्रेते, तरीही तिथे मोठी साथ पसरली नाही. त्याचे श्रेय मुख्य वैद्यकीय अधिकारी कर्नल पॅट्रिक हेहिर यांना देतात आणि ते योग्यच आहे. पण रोज सकाळी फावडे आणि बादली घेऊन निघणाऱ्या सफाईवाल्याचेही ते श्रेय आहे. त्याचे नाव कुठल्या डिस्पॅचमध्ये नाही.

पाण्याचेही तसेच. नदी समोर होती, पण पलीकडच्या तीरावर नेमबाज बसलेले. पखाल भरायला गेलेला भिस्ती परत येईलच याची खात्री नसे. गावातल्या बायकाही पाणी भरताना मारल्या गेल्या.

राशनचे गणित

आता मूळ मुद्दा. टाउनशेंड यांनी सुरुवातीला वर कळवले की ब्रिटिश सैनिकांना एक महिना आणि भारतीयांना ५५ दिवस पुरेल इतके अन्न आहे. हा आकडा ऐकून सुटकेच्या फौजेचे जनरल एल्मर घाईने पुढे निघाले. फौज पुरी जमली नव्हती, तोफा कमी, डोलीवाले आणि डॉक्टर त्याहून कमी. जानेवारीत शेख साद, वाडी आणि हन्ना या तीन लढाया एकामागून एक झाल्या. २१ जानेवारीला हन्नाच्या चिखलात जखमी रात्रभर पावसात पडून राहिले. ज्यांना उचलले त्यांना स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांतून नेले. त्या गाडीत मोडलेला पाय घेऊन बसणे काय असते, ते खेचरगाडी पाहिलेल्या जुन्या सैनिकांना सांगायला नको.

आणि मग, हन्ना झाल्यावर काही दिवसांतच, कुटहून नवा निरोप आला. गावात घराघरांतून धान्याची झडती घेतली, भरपूर सातू सापडला, घोडे-खेचरेही खाता येतील, आणखी ८४ दिवस निघतील.

ही झडती डिसेंबरमध्ये का घेतली नाही? हा प्रश्न शंभर वर्षे विचारला जात आहे. वेढ्यातला कमांडर दोन गोष्टी मोजतो, गोळ्या आणि आटा. गोळ्यांचा हिशेब रोज होत होता. आट्याचा हिशेब सात आठवड्यांनी झाला. सुटकेच्या प्रयत्नांत एप्रिलपर्यंत एकूण २३ हजार सैनिक मारले गेले किंवा जखमी झाले, म्हणजे आत अडकलेल्या लढवय्यांच्या जवळजवळ दुप्पट. त्यातले बरेच नुकसान त्या पहिल्या घाईतले. आपल्या क्वार्टरमास्टरकडे आपण कधी कधी ‘डाळ-आट्याचा माणूस’ म्हणून पाहतो. त्याने कुट वाचावे, आणि आपणही.

पुढचा हिशेब साधा आहे. भारतीय शिपायाचे नेहमीचे आट्याचे राशन दिवसाला दीड पाउंड, म्हणजे सुमारे ६८० ग्रॅम. ते टप्प्याटप्प्याने कमी होत एप्रिलच्या मध्यात ४ औंसांवर आले. चार औंस म्हणजे सव्वाशे ग्रॅमसुद्धा नाही. दोन-तीन पातळ चपात्या. एवढ्यावर माणसाने रात्री खंदक खणायचा आणि दिवसा पहारा द्यायचा.

तंबाखू संपला तेव्हा लोकांनी चहाची पाने आणि झाडपाला ओढून पाहिला. विमानातून भाजीचे बी टाकले गेले, ते पेरले. जात्याचे दगड टाकले गेले, त्यावर सातू दळला. कोणी विमानाच्या इंजिनाच्या सिलिंडरपासून तोफ बनवली. जुगाड हा शब्द तेव्हा फौजेत होता की नाही माहीत नाही, पण गोष्ट हीच.

दोन आजार, एक पीठ

कुटच्या वेढ्यातली एक गोष्ट वैद्यकशास्त्राच्या पुस्तकांत जाऊन बसली आहे. त्या खंदकांत दोन वेगळे आजार दोन वेगळ्या लोकांना झाले.

ब्रिटिश सैनिकांना बेरीबेरी झाला. पाय सुजणे, हातपाय लुळे पडणे, हृदय कमजोर होणे. कारण ते पांढऱ्या, मैद्यासारख्या पिठाचा पाव खात होते. आपल्या जवानांना तो फारसा झाला नाही, कारण आपला आटा कोंड्यासकट असतो. पांढरे पीठ संपले आणि गोऱ्यांनाही तोच आटा व सातू खायला लागला, तसा बेरीबेरी कमी झाला.

भारतीयांना मात्र स्कर्व्ही झाला. हिरड्या सुजतात, रक्त येते, जुन्या जखमा उघडतात, पायात जोर राहत नाही. ताजी भाजी आणि लिंबू नाही, आणि गोरे जे ताजे घोड्याचे मांस खात होते ते आपले लोक खात नव्हते. ताज्या मांसात थोडे का होईना, क जीवनसत्त्व असते. ‘व्हिटॅमिन’ हा शब्दच १९१२ मध्ये तयार झाला होता. कुटमधल्या डॉक्टरांना रोग दिसत होता, पण त्याचे पूर्ण कारण शास्त्रालाही अजून कळलेले नव्हते. जवानांनी खंदकांच्या कडेचा पाला तोडून शिजवून खाल्ला. आपल्याकडे पावसाळ्यात रानभाज्या खुडतात तशाच. पण परक्या मुलखातला पाला ओळखीचा नव्हता, आणि विषारी पाल्याने काही जण दगावले.

घोड्याचे मांस

जानेवारीच्या शेवटी घोडे आणि खेचरे कापायला सुरुवात झाली. ब्रिटिशांनी खाल्ले. भारतीयांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही, बहुतेकांनी नकार दिला. भारतातल्या धर्मगुरूंकडून बिनतारी निरोप मागवले गेले की अशा प्रसंगी खायला हरकत नाही. तरीही एप्रिल उजाडेपर्यंत बहुसंख्य लोक खायला तयार झाले नाहीत. झाले तेव्हा उशीर झाला होता.

इंग्रजी पुस्तकांतून या प्रसंगाकडे ‘शिपायांचा हट्ट’ म्हणून पाहिले जाते. काहींनी तर कुट पडण्याचे कारणच हे, असे सुचवले. मला हे पटत नाही, आणि कारण सांगतो.

सातारा किंवा रत्नागिरी जिल्ह्यातला १९१५ चा शिपाई डोळ्यांसमोर आणा. पलटणीत तो पगार, पेन्शन आणि जमिनीसाठी आला आहे. त्याची सारी इज्जत गावाच्या पंगतीत आहे. घोड्याचे मांस खाल्ले ही बातमी त्याच्याच गावच्या दुसऱ्या शिपायाबरोबर घरी जाणार. मग पंगतीत पान मांडले जाणार नाही, मुलीचे लग्न जमणार नाही, वाळीत टाकतील. साहेबांनी दिल्लीच्या कोणा मोठ्या धर्मगुरूची परवानगी वाचून दाखवली, तरी गावच्या पाटलाची आणि भावकीची परवानगी तिच्यात नव्हती. म्हणजे हा शिपाई वेढ्याच्या पलीकडचा हिशेब करत होता. आपण जगून घरी जाणार, या विश्वासावरच तो हिशेब उभा होता. मरायचेच आहे असे ज्याने ठरवले आहे, तो पंगतीची काळजी करत नाही.

चूक कुठे झाली? परवानगी वरून, तारेने आणली गेली. खरे तर जानेवारीतच, पोटात ताकद असताना, सुभेदार आणि जमादारांना बरोबर घ्यायला हवे होते. एक अख्खी पलटण सुभेदार मेजरपासून शेवटच्या शिपायापर्यंत एकत्र बसून खाते, तेव्हा कोणी कोणाची चुगली गावाला नेत नाही. फौजेतला जेसीओ हा पलटण आणि गाव यांच्यामधला पूल असतो. कुटमध्ये तो पूल वापरायला उशीर झाला. ज्या अधिकाऱ्याला आपल्या जवानाचे गाव माहीत नाही, त्याला अडचणीच्या वेळी त्याचे मनही माहीत नसते.

शेवट

एप्रिलमध्ये विमानांतून पोती टाकण्याचा प्रयत्न झाला. वेढ्यातल्या फौजेला आकाशातून अन्न पुरवण्याचा हा जगातला पहिला मोठा प्रयत्न मानतात. पंधरवड्यात साताठ टन माल पोहोचला. गरज रोजची दोन टनांहून जास्त होती. काही पोती नदीत पडली, काही तुर्कांकडे. आज आपली हेलिकॉप्टर्स हिमनदीवर एकेका पोस्टला केरोसीन आणि राशन पोहोचवतात, त्या साखळीची पहिली, अपुरी कडी ही.

२४ एप्रिलच्या रात्री ‘जुलनार’ नावाची आगबोट २७० टन अन्न घेऊन तुर्कांच्या तोफांमधून निघाली. कुटच्या अलीकडे नदीत ताणलेल्या तारदोरात ती अडकली. बोटीवरच्या फर्मन आणि काउली या दोन अधिकाऱ्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मग तुर्कांना दहा लाख, नंतर वीस लाख पाउंड देऊ करून फौज सोडवायचा प्रयत्न झाला. तोही फसला. २९ एप्रिलला शरणागती.

सुमारे १३ हजार माणसे कैद झाली. पहिल्याच छावणीत त्यांना तुर्की फौजेची कडक बिस्किटे मिळाली. महिनोन्‌महिने रिकाम्या असलेल्या पोटांना ती सोसली नाहीत, आणि पुष्कळ जण तिथेच गेले. मग अधिकारी वेगळे, शिपाई वेगळे. शिपायांना वाळवंटातून शेकडो मैल चालवत नेले आणि रेल्वेच्या कामाला जुंपले. ब्रिटिश शिपायांपैकी निम्म्याहून जास्त परत आले नाहीत. भारतीयांतलेही हजारो गेले. टाउनशेंड यांनी उरलेले युद्ध इस्तंबूलजवळच्या एका बेटावरच्या घरात काढले.

१९१७ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. फौजेचा औषधपाणी आणि वाहतुकीचा कारभार सुधारला. त्याच वर्षी मार्चमध्ये बगदादही जिंकले गेले.

नावे

बसऱ्याच्या युद्धस्मारकावर मेसोपोटेमियात गेलेल्यांची नावे कोरली आहेत. ब्रिटिश शिपायाचे नाव आहे. भारतीय अधिकाऱ्याचे नाव आहे. भारतीय शिपायाच्या जागी पलटणीचे नाव आणि पुढे एक आकडा आहे. या भेदभावाची कबुली राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या समितीने २०२१ मध्ये आपल्या अहवालात दिली.

कुटमधून बंगाली माणसाचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचला आहे. बंगाल अँब्युलन्स कोअरमधले शिशिर प्रसाद सर्वाधिकारी कैदेतून परतले आणि त्यांनी ‘अभि ले बगदाद’ लिहिले. डॉक्टर कल्याण कुमार मुखर्जी कैदेतच वारले, पण त्यांच्या आजीने त्यांची पत्रे छापून ठेवली. मराठा पलटणींतला शिपाई बहुतेक अक्षरशत्रू होता. त्याचे अनुभव चावडीवर, ओसरीवर सांगितले गेले आणि सांगणाऱ्याबरोबर गेले.

तरी काही उरले आहे. आपल्या कितीतरी गावांत एक छोटी संगमरवरी पाटी आहे. या गावातून इतकी माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेली, पैकी इतकी कामी आली, एवढाच मजकूर. कुठे ती चावडीच्या भिंतीत आहे, कुठे शाळेच्या, कुठे रंगाच्या चार थरांखाली. त्या पाटीवरही फक्त आकडा आहे.

वाचकांतल्या निवृत्त बंधूंना आणि गावाकडच्या मित्रांना एक विनंती. पुढच्या सुट्टीत आपल्या गावची ही पाटी शोधा, पुसून तिचा फोटो काढा. मग गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, कोण गेले होते, कोणाच्या घरातले. पणतवंडांना कदाचित एखादे नाव, एखादे जुने मेडल, पेन्शनचा एखादा पिवळा कागद माहीत असेल. मेडलच्या कडेवर नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. ते लिहून घ्या. एका नावाने एक आकडा कमी होतो.